न वाजलेली गोळी

"कान झाका," असं म्हणून ते उजव्या हाताचं बोट वर करायचे, आणि मगच काय ते सांगायचे. कापसाचा भाव उतरला, कान झाका. सोनारीण काकूंच्या म्हशीला रेडा झाला, कान झाका. स्वतःला शिंक येणार असली तरी बोट वर. आमच्या गल्लीतली पोरं त्यांना लांबून येताना पाहूनच कानांवर हात ठेवायची. मग ते जवळ येऊन काहीच न बोलता नुसते हसून पुढे जायचे.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर पांढुर्ण्यातला कोणी नातेवाईक उभा राहील आणि म्हणेल, असं नव्हतं, तसं होतं. आम्ही पोरं त्यांना काकाजी म्हणायचो, तेवढं तुम्हाला पुरे. दिवसा ते कापसाच्या जीनमध्ये कामाला होते. सरकी आणि रुई वेगळी करणारे रेचे असतात, त्यांना तेल द्यायचं काम. संध्याकाळी अंगावरची रुई झटकायचे, त्यातल्याच थोड्या रुईचे दोन बोळे करून कानांत घालायचे आणि बंदुका चालवायला जायचे.

बंदुका सिनेमातल्या. तेव्हा नागपूर आमची राजधानी होती आणि स्वातंत्र्य अजून नवं होतं. बोलपट येऊन जुना झाला होता, नागपूरला जाऊन आलेले लोक त्यातली गाणी म्हणत गल्लीतून हिंडायचे. पण दिवाळीनंतर आमच्याकडे जो सिनेमाचा तंबू यायचा, त्याच्या शेठजवळ एक जुना मुका सिनेमा होता. शेठचं बोलणारं यंत्र निम्मा वेळ बिघडलेलं असायचं. मुक्या सिनेमात बिघडायला आवाजच नाही, म्हणून तोच जास्त चालायचा. त्यात घोडे होते, डाकू होता, डोंगर होता आणि जिकडे तिकडे बंदुका. बंदुकीतून पांढरा धूर निघायचा, माणूस पडायचा आणि आवाज म्हणून काही नाही. पैसे देऊन आलेल्या लोकांना हे पटायचं नाही. म्हणून शेठनं काकाजींना ठेवलं होतं. पडद्यावर धूर निघाला की पडद्यामागून आवाज काढायचा.

त्यांचं पिस्तूल म्हणजे एक मोठी पोकळ किल्ली. तिच्या भोकात गंधक-पोटास भरायचं, वरून खिळा बसवायचा आणि फुटक्या जात्याच्या दगडावर आपटायची. ठो. लांबच्या बंदुकीसाठी वाळक्या पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या काड्यांची मोळी गुडघ्यावर मोडायची. घोड्यासाठी नारळाच्या दोन करवंट्या. किल्ली होती त्यांच्या मायच्या पेटीची, त्यामुळे त्या घरातली पेटी कायम उघडी असायची.

एकदा फौजदार आले. गावात विनापरवाना बंदूक आहे, रोज संध्याकाळी वाजते, असं कोणी तरी त्यांच्या कानावर घातलं होतं. काकाजींनी मुकाट्यानं किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.

"हे काय?"

"बंदूक, साहेब."

"हे तं पेटीची किल्ली आहे."

"दिवसा पेटीची राहते. कान झाका."

फौजदारांनी कान झाकले नाहीत. आवाज झाल्यावर टोपी सावरली, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "मले पाहू द्या एकदा." मग त्यांनी स्वतः किल्ली आपटली, पुन्हा आपटली, आणि गंधक संपल्यावरच गेले.

आता तंबूची मांडणी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. पडदा तंबूच्या मधोमध. पुढे पुरुष, त्यांच्या मागे यंत्र. आणि पडद्याच्या पाठीमागे आम्ही बायका, एका कोपऱ्यात काकाजी. हसू नका, अशीच रीत होती. बायका-पुरुषांनी एकत्र अंधारात बसायचं कसं, म्हणून हा उपाय. पडद्याचं कापड पातळ होतं. खेळ सुरू व्हायच्या आधी काकाजी त्याच्यावर झारीनं पाणी शिंपडायचे, म्हणजे उजेड आरपार येऊन पाठीमागूनही चित्र स्वच्छ दिसायचं. दिसायचं ते उलटं. पुरुषांच्या उजवीकडचं आमच्या डावीकडे.

हे उलटं आहे असं आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं असेल, असं तुम्हाला वाटतं? आम्ही बायका एकाच गोष्टीनं चकित होत होतो, की सिनेमातले यच्चयावत लोक डावरे आहेत. तलवार डाव्या हातात. बंदूक डाव्या खांद्याला. नायक ताटावर बसला तो डाव्या हातानं जेवायला लागला, तेव्हा सोनारीण काकूंनी पदर तोंडाला लावला. "डाव्या हातानं जेवते बाप्पा. याले पोरगी कोण देईन?"

घरी गेल्यावर नवऱ्यांशी भांडणं. नवरे म्हणायचे उजव्या हातानं जेवतो, बायका म्हणायच्या तुम्ही झोपून राहिले होते. बायकांच्या बाजूला येऊन खात्री करायची कुठल्या पुरुषाची हिंमत नव्हती, आणि मागे असणारे काकाजी विचारलं तर नुसते हसायचे, त्यामुळे निकाल कधी लागला नाही.

आणि मी? मी तेव्हा सातवीत होते आणि जगातली सर्वांत हुशार मुलगी होते. सिनेमात मधूनमधून अक्षरांच्या पाट्या यायच्या, कोण काय बोललं ते सांगणाऱ्या. आमच्या बाजूला त्या उलट्या दिसायच्या. मी त्या उलट्या वाचायला शिकले आणि बायकांना मोठ्यानं वाचून दाखवायला लागले. सगळ्या बायका माझ्या तोंडाकडे बघायच्या. मला वाटायचं, एक दिवस ही बातमी नागपूरला मुख्यमंत्र्यांच्या कानावर जाईल आणि ते मला बोलावून घेतील. अक्षरं उलटी का, याचाही मी शोध लावला होता. लिहिणारे डावरे, मग अक्षरं उलटी असणारच. त्या पोरीला आज कुठे गाठता आलं, तर तिच्या दोन वेण्या एकमेकींना बांधून ठेवीन.

काकाजींची माय या सिनेमाला सुरुवातीला कधी यायची नाही. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. पण एके दिवशी सोनारीण काकू तिच्या ओट्यावर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "माय, तुमचा मोठा सिनेमात आहे."

मोठा म्हणजे काकाजींचा थोरला भाऊ. मी जन्मायच्या आधीच तो घरातून निघून गेला होता. तो डावरा होता. त्यांचे वडील त्याचा डावा हात धोतराच्या पट्टीनं पाठीशी बांधून त्याला जेवायला बसवायचे. एका लग्नाच्या पंगतीत, सगळ्या लोकांसमोर, त्यानं डावा हात ताटात घातला आणि वडिलांनी त्याला तिथेच थोबाडीत दिली. तो पानावरून उठला, स्टेशनाकडे गेला आणि मिळेल त्या गाडीत बसला. मुंबईला सिनेमा कंपनीत गेला, असं कोणी तरी सांगितलं. पुढे वडील वारले. मायनं वाट पाहणं सोडलं नाही.

सिनेमातला डाकू तोंडाला फडकं बांधून होता, नाकाच्या वरचं तेवढं दिसायचं. सोनारीण काकूंना तेवढं पुरलं. उंची तीच, चाल तीच, आणि बंदूक डाव्या हातात.

"पण तिथं तं सगळेच डावरे आहेत म्हणते न तू," माय म्हणाली.

"म्हणूनच तं," काकू म्हणाल्या. "कंपनीले डावरेच लागते. तुमच्या पोराले पाहताबरोबर घेतलं असन."

मी तिथेच होते. मायनं काकूंचा हात चाचपून धरला. मग म्हणाली, "इथं त्याले सारे टोकत. तिथं सारेच तसे. बरं झालं वं, गेला ते." आणि इतकी हसली की तिच्या तोंडात किती कमी दात उरलेत ते मला त्या दिवशी कळलं.

त्या संध्याकाळी ती तंबूत आली. पडद्याला अगदी लागून बसली, ओल्या कापडावर तळहात ठेवून. मी तिच्या शेजारी, कारण पाट्या वाचायच्या होत्या. "आता तो आला," मी सांगायचे. "आता घोड्यावर बसला. आता बंदूक काढली." काकाजींची किल्ली वाजली की माय मान हलवायची. "हे त्याची. त्याचा नेम चांगला होता लहानपणापासून."

आता तुम्ही विचाराल, सिनेमातल्या डाकूचं शेवटी काय होतं. जे होतं तेच. कड्याच्या टोकावर डाकू उभा, खाली नायक. नायकानं बंदूक खांद्याला लावली. बायकांनी सवयीनं कान झाकले. काकाजींनी किल्ली उचलली. पडद्यावर धूर निघाला, डाकूनं छातीवर हात दाबला, आणि आवाज झालाच नाही. मी वळून पाहिलं. किल्ली दगडाच्या वर वीतभर थांबलेली होती.

"काय झालं वं, पोट्टे?" मायनं विचारलं. "काहून चूप झाले सारे?"

काकाजी माझ्याकडे पाहत होते. त्यांनी मान हलवली, नाही अशी. एवढंच.

पडद्यावर पाटी आली, "अखेर डाकूचा अंत झाला." मी आजवर एकही पाटी वाचल्याशिवाय सोडली नव्हती. तोंड उघडलं आणि माझ्याच कानांना ऐकू आलं, "आणि तो घोड्यावर बसून दूर निघून गेला."

लगेच करवंट्या वाजायला लागल्या. टपाक टपाक टपाक. पडद्यावर नायक-नायिका बागेत फुलं हुंगत होती आणि त्यांच्यामधून एक घोडा दौडत गेला. पुरुषांच्या बाजूला हशा उसळला. बायकांच्या बाजूला सोनारीण काकूंनी डोळे पुसले. त्यांनी डाकू पडलेला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता, पण तोंडातून शब्द काढला नाही. बाकीच्या बायकांनीही नाही. गल्लीतल्या चुलीवर काय शिजतंय ते दुपारपर्यंत गावभर करणाऱ्या या बायका. मला अजून नवल वाटतं.

तेव्हापासून रोज तसंच. बाकी सगळ्या गोळ्या वाजायच्या, ती एक वाजायची नाही. पुढे शिट्ट्या व्हायला लागल्या. शेठ तिकिटाच्या दारावर बसायचा, त्याला आतलं काही ठाऊक नव्हतं. त्यानं काकाजींना गाठलं.

"भाऊ, तुम्ही माझी एक गोळी खाऊन राहिले. तीच मोठी गोळी आहे. पब्लिक त्याच्यासाठी पैसा देते."

"पाह्यतो, शेठजी."

"पाहू नका, वाजवा. आणि माणूस मेल्यावर घोडा कुठून येते?"

"तो दुसरा घोडा आहे."

"सौंसरला तंबू चालला आहे. तिथं गोळी वाजली पाहिजे. नाही वाजली तं मी दुसरा आदमी पाहतो. मी स्वतः तुमच्या बाजूले उभा राहीन."

काकाजींनी शेठला खरं का सांगितलं नाही, असं मी मोठी झाल्यावर त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, "तो हसला असता तं मले त्याले मारावं लागलं असतं."

सौंसरला जायचं म्हटल्यावर माय आधी तयार. लेक चालला म्हणजे आपणही चाललं पाहिजे. काकाजींनी तिला नको म्हणून पाहिलं, मोटारीत धक्के बसतात म्हणून पाहिलं. ती म्हणाली, "तुमी दोघं भाऊ तिकडं, अन् म्या एकटीनं घरी काय करू?" मग काकाजींनी तिचं गाठोडं बांधलं. सौंसरला माझे मामाजी होते, त्यांची संत्र्याची बाग होती, म्हणून मीही सोबत निघाले. घरच्यांना सांगितलं मामाकडे जाते. खरं कारण म्हणजे माझ्यावाचून पाट्या कोण वाचणार.

त्या संध्याकाळी मामाजींनी मला हात धरून पुढे नेलं, पुरुषांच्या बाजूला. लहान पोर आहे, चालतं, म्हणाले. मला भयंकर अपमान वाटला. तेवढ्यात पहिली पाटी आली, आणि मला ती वाचताच येईना. अक्षरं सुलटी होती. मी ती सवयीनं उजवीकडून वाचायला गेले आणि अडखळले. शेजारचा एक दाढीवाला बाप्या सरळ वाचून मोकळा झाला. मुख्यमंत्री त्या क्षणी कायमचे गेले.

मग नायक जेवायला बसला. उजव्या हातानं. डाकू आला. त्यानं बंदूक काढली, उजव्या हातानं. मी पुन्हा पुन्हा पाहिलं. सगळे उजवे होते. एकूण एक.

मामाजींचा हात सोडून मी कडेनं पळत मागे गेले. काकाजी पऱ्हाटीची मोळी जुळवत होते.

"काकाजी, तो डावरा नाही."

त्यांनी आणखी एक काडी मोळीत सारली.

"पुढून सगळे उजवेच आहेत. तो तुमचा दादा नाही."

"माहीत आहे," ते म्हणाले. "पडदा मीच बांधतो न, बाई."

"मग मरू द्या न त्याले. तुमचं काम जाईन."

त्यांनी मायकडे पाहिलं. ती पडद्याशी बसली होती, तळहात कापडावर. तिच्या चेहऱ्यावर घोड्यांचा उजेड पळत होता.

"तू पुढून पाह्यलं," ते म्हणाले. "ते मागून पाहून राहिली. जाय, बस तिच्याजवळ. पाट्या वाच."

मी जाऊन बसले. थोड्या वेळानं शेठ आला. ठरल्याप्रमाणे तो काकाजींच्या बाजूला उभा राहिला, बोटांत अंगठ्या, काखेत गल्ल्याची पिशवी. कडा आला. डाकू टोकावर उभा राहिला. नायकानं बंदूक खांद्याला लावली. काकाजींनी किल्ली उचलली आणि शेठनं त्यांच्या मनगटाकडे पाहिलं.

ठो.

इतक्या दिवसांत सिनेमात त्या जागी तो आवाज झाला नव्हता. पुढून टाळ्यांचा कडकडाट झाला. माय दचकून पडद्यापासून मागे सरकली. तिनं हात पुढे केला, तो माझ्या खांद्यावर पडला.

"कोणाले लागली वं?" ती म्हणाली. "माह्या पोराले तं नाही लागली न?"

मला पाटी वाचायची होती. आजवर ज्या तोंडाला कोणी थांबवू शकलं नव्हतं, ते तेव्हाच बंद पडलं. काकाजी करवंट्या शोधत होते. करवंट्या शेठच्या पायाशी होत्या.

शेठनं मायकडे पाहिलं. मग काकाजींकडे. मग पडद्याकडे, जिथे डाकू कड्यावरून खाली पडला होता. त्याला कोणी काही समजावून सांगितलं नाही. तो खाली वाकला. गल्ल्याची पिशवी जमिनीवर ठेवली आणि करवंट्या उचलून एकमेकींवर आपटायला लागला.

त्यानं आयुष्यात घोडा वाजवला नव्हता. टपाक. टप. टपाक टपाक. मध्येच काही नाही. टप. त्याच्या अंगठ्या करवंटीवर घासून खर्र करायच्या, आणि घाम त्याच्या नाकावरून करवंटीत पडत होता.

मायनं कान टवकारले. माझ्या खांद्यावरची तिची बोटं हळूहळू सैल झाली.

"घोडा लंगडून राहिला," ती म्हणाली. "घोड्याले लागली."

"हो, माय," काकाजी म्हणाले. "घोड्याले लागली. पायाले. लहानशी."

"पण चालला न?"

"चालला. हळू चालला."

शेठ बागेतल्या फुलांपर्यंत थांबलाच नाही. सिनेमा संपला, दिवे लागले, लोक उठायला लागले, तरी तो वाजवत होता. काकाजींनी जाऊन त्याचे हात धरले तेव्हा थांबला. दुसऱ्या दिवसापासून ती गोळी वाजायला लागली, पब्लिक खूश झालं. आणि तिच्यामागून रोज एक लंगडा घोडा जायला लागला. काकाजींनी तो इतका झकास बसवला, की एक पाय उचलून टाकताना त्याला होणारा त्रासही ऐकू यायचा.

राज्यांची नवी मांडणी झाली ती त्यानंतर. नागपूर तिकडे गेलं, आम्ही इकडे राहिलो. आमची राजधानी भोपाळ झाली, जिथे आमच्या गल्लीतला कोणी गेलेला नव्हता. घरात तीच भाषा, बाजारात तीच, रुळांवरून गाडी तशीच यायची. पण शेठ नागपूरचा होता. त्याला आता दोन सरकारांचे परवाने लागायला लागले. पहिल्या वर्षी तंबू उशिरा आला. पुढे आलाच नाही.

"तंबू काहून नाही आला?" मायनं विचारलं.

"मधात सरहद्द झाली, माय."

मायनं विचार केला. "मग त्याले बी फिरून यावं लागन," ती म्हणाली. "लंगडा घोडा घेऊन. वेळ लागन बाप्पा त्याले." आणि मग तिनं काकाजींना दारासमोर पाण्याचं घमेलं भरून ठेवायला सांगितलं. इतक्या लांबून येणारं जनावर आल्याबरोबर पाणी मागणार.

काकाजी जीनमधून आले की आधी ते घमेलं भरायचे, मग हातपाय धुवायचे. गल्लीतल्या गाई, बकऱ्या, बाजाराहून परतणाऱ्या गाड्या-बंड्यांचे बैल, सगळे तिथे पाणी प्यायचे. सकाळी माय घमेलं चाचपून पाहायची, रिकामं लागलं की म्हणायची, "पिऊन गेला वाटते कोणी." पुढे एका थंडीत ती गेली. झोपेतच. उशाशी पेटी होती, किल्ली लावलेली.

माझं लग्न नागपूरला झालं, म्हणजे सरहद्दीपलीकडे. मला पाहायला पाहुणे आले होते तेव्हा मुलीला वाचता येतं का म्हणून विचारलं, आणि मी समोरच्याच्या हातातलं वर्तमानपत्र उलट्या बाजूनं वाचून दाखवलं. तरी त्यांनी मला पसंत केलं, यावरून ते किती भले लोक होते ते समजा. माहेरी आले की मी काकाजींकडे जायचेच. त्यांना आता ऐकू कमी यायचं, रेच्यांनी आणि किल्लीनं मिळून कान खाल्ले होते. घमेलं दारात असायचं. भरलेलं.

एकदा मी विचारलं, "काकाजी, माय तर गेली. आता कोणासाठी भरता?"

त्यांना ऐकू गेलं नाही. मी पुन्हा, मोठ्यानं विचारलं. त्यांनी धोतरानं हात पुसले.

"तो सिनेमातला दादा नव्हता," ते म्हणाले. "तूच तं सांगतलं."

"हो."

"मग सिनेमातला मेला त्याचं आपल्याले काय? दादा तं कुठंतरी असनच न."

इतकी वर्षं मी समजत होते की हे सगळं ते मायसाठी करताहेत.

काकाजी जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. जीन बंद पडून तिच्या जागी दुकानं झाली. मागच्या वर्षी मी नातवाच्या गाडीनं पांढुर्ण्याला गेले होते, तेव्हा गल्लीत जाऊन आले. काकाजींच्या घरात भाडेकरू आहेत, शाळेत शिकवणारी एक तरुण बाई आणि तिचा नवरा. दारात घमेलं होतं. नवं, प्लास्टिकचं. तळाशी थोडं पाणी आणि त्यात पडलेली पानं.

मी उभी राहून पाहते आहे हे बघून ती बाई बाहेर आली. म्हणाली, "आजी, घर भाड्यानं देताना घरमालकांनी सांगितलं, दारात पाणी ठेवत जा. त्यांनाही त्यांच्या आधीच्यांनी सांगितलं होतं म्हणे. कोणासाठी ते कोणालाच माहीत नाही."

"घोड्यासाठी," मी म्हणाले.

"इथं कोणाचा घोडा आहे?"

"इथला नाही. येऊन राहिला. पायानं थोडा लंगडा आहे, म्हणून वेळ लागून राहिला."

तिनं माझ्याकडे पाहिलं. म्हातारी थट्टा करते की म्हातारीचं डोकं फिरलं, हे तिला ठरवता येईना, आणि मी तिला मदत केली नाही. मग तिनं घमेलं तिरपं करून शिळं पाणी पानांसकट नालीत ओतलं आणि ताजं आणायला आत गेली.